लाखेचा टिपका

ढाणकीच्या आमच्या घरमालकांना दाराची कडी कुणी कशीही वाजवलेली खपत नसे. वाजवायला बंदी नव्हती. पण दोनदाच वाजवायची आणि मध्ये श्वास घेण्याइतकं थांबायचं, असा त्यांचा कायदा होता. आम्हाला हा कायदा कुठून ठाऊक असणार? सामानाची बैलगाडी दारात उभी करून माझ्या नवऱ्यानं कडी दणादणा आपटली. आतून एक उंच, काटकुळे, मेंदी लावलेल्या दाढीचे गृहस्थ बाहेर आले. आमच्याकडे त्यांनी पाहिलंच नाही. कडीवर हात ठेवून तिला आधी शांत केलं आणि म्हणाले, "हिनं काय गुन्हा केला जी?" मग स्वतः दोनदा वाजवून दाखवली. "आयका. काळी चार. साफ हाय. या आता अंदर."

सत्तावन्न साल असेल. विदर्भ नुकताच मुंबई राज्यात गेला होता आणि आमच्या ह्यांच्या बदलीचा हुकूम थेट मुंबईहून निघाला, असं हे येईल-जाईल त्याला सांगत. निघाला होता यवतमाळहूनच. हे गुरांच्या दवाखान्यात कंपाउंडर. मी नागपूरची, लग्नाला वर्षही झालेलं नाही, आणि स्वभावानं चौकस. सासूबाई त्याला भोचकपणा म्हणत. असा स्वभाव असलेल्या बाईला देवानं त्या घरात भाड्यानं पाठवावं, ही त्याची माझ्यावर मोठीच मेहरबानी होती.

अख्खं गाव आमच्या घरमालकांना मिस्तरी म्हणे. शिलाईची मशीन, स्टोव्ह, गॅसबत्त्या, कुलपं, जे बिघडेल ते त्यांच्या पडवीत येऊन पडे. पण त्यांचा खरा जीव पेटीत. तरुणपणी हैदराबादेत एका पेटीवाल्याकडे नऊ वर्षं राहून ते हार्मोनियमचे सूर लावायला शिकले होते. आसपासच्या भजनी मंडळांच्या सगळ्या पेट्या त्यांच्याकडेच येत. पेटीच्या काळ्या-पांढऱ्या पट्ट्यांना ज्या नंबरांनी ओळखायचं, त्याच नंबरांनी ते सगळ्या जगाला ओळखत. शेजारच्या बकरीची पांढरी सहा. विहिरीच्या रहाटाची काळी एक, उन्हाळ्यात जरा चढी. मी पहिल्यांदा शिंकले तेव्हा त्यांनी माझीही पट्टी सांगितली. ती मी इथं लिहिणार नाही.

बेसूर काही कानावर पडलं की त्यांचा डावा डोळा आपोआप मिटे. लग्नात बँड वाजायला लागला की ते जेवण सोडून उठत, यजमानाचा मानपान गेला खड्ड्यात. एकदा एका गावच्या भजनाला त्यांना मुद्दाम बोलावलं, तर पहिल्याच अभंगाला उठून त्यांनी बुवांना सांगितलं, "तुमी वर जाऊन राह्यले, पेटी खाली बसली. दोघांतलं एक कोनीतरी ऐका." बुवा चिडले. म्हणाले, "आमच्या देवाला चालतं." मिस्तरी म्हणाले, "त्याले चालत असन. मले नाही चालत."

हे वाक्य मग आमच्या आळीत म्हणीसारखं झालं. भाजीत मीठ कमी पडलं की आमचे हे म्हणायचे, देवाला चालत असेल.

सासूबाई महिनाभर आमच्याकडे राहायला आल्या तेव्हाची गोष्ट. सकाळ-संध्याकाळ त्या देवघरात घंटा वाजवून आरती करत. घंटा जुनी, आतला लोलक सैल झालेला, त्यामुळे प्रत्येक ठोक्याला मागून एक खर्र आवाज यायचा. चार दिवस मिस्तरींनी सोसलं. पाचव्या दिवशी मला अंगणात गाठून अगदी हळू आवाजात म्हणाले, "सूनबाई, थे घंटी एक घंट्यासाठी मले मिळन काय? खालाले सांगू नका." सासूबाईंना ते खाला, म्हणजे मावशी, म्हणत. सासूबाईंच्या देवघरातली वस्तू मुसलमानाच्या पडवीत! मला घाम फुटला. पण लोलक सैल असला की आवाज तसा का येतो, हे जाणून घ्यायची हौस भीतीपेक्षा मोठी निघाली. दुपारी सासूबाई झोपल्या आणि घंटा पदराखालून पडवीत गेली. मिस्तरींनी आधी हात-पाय धुतले, खांद्यावरचं धुतलेलं फडकं जमिनीवर अंथरलं, त्यावर घंटा ठेवली. लोलकाची कडी त्यांनी नवी घातली, बाकी कशाला हात लावला नाही. संध्याकाळी आरतीला घंटा अशी काही वाजली की सासूबाईंनी हात थांबवून तिच्याकडे पाहिलं. मग म्हणाल्या, "परवा चिंच लावून घासली ना, त्यानं." पुढं नागपूरला गेल्यावर त्यांनी माझ्या सगळ्या जावांना देवाची भांडी चिंचेनं घासायला लावली.

मिस्तरी पाची वक्त नमाजी. पण मशिदीतले बांग देणारे बुजुर्ग फार म्हातारे, त्यांचा आवाज मध्येच फाटायचा. तेव्हा मिस्तरींचा डोळा मिटत नाही, हे मी हेरून ठेवलं होतं. एकदा विचारलंच. ते जरा रागावल्यासारखे झाले. "थे बोलावनं हाय, सूनबाई. गानं नाही. माय जेवाले हाका मारते तं पट्टी पाह्यता काय तुमी?" मी म्हटलं, मग भजन? ते म्हणाले, "भजन गानं हाय." हा फरक त्यांनी कुठल्या पुस्तकातून काढला होता, देव जाणे. मला तो पटला नाही आणि मी तसं सांगितलंही.

संध्याकाळी त्यांची एक वेळ ठरलेली असे. दिवस कलला, अस्रची नमाज झाली की अंगणात बाज टाकून ते बसत. त्यांच्या बायको, आम्ही त्यांना चाची म्हणायचो, पितळेच्या किटलीतून चहा आणत. चाची ठेंगण्या, गोल, कामात वाऱ्यासारख्या. दोघं आपसात अर्धी हिंदी, अर्धी वऱ्हाडी बोलत. चहा ओतताना कुणी बोललेलं मिस्तरींना चालत नसे, कारण किटलीतून बशीत पडणाऱ्या चहाचा आवाज त्यांना ऐकायचा असे. मग पहिला घोट घेऊन ते समोर जो असेल त्याला विचारत, "आज काय आयकलं?"

उत्तर द्यावंच लागे. कुलूप दुरुस्त करायला आलेला शेठही सुटत नसे. दिवसभरात कानाला बरं वाटलं असं एक काहीतरी सांगायचं. आमचे हे पहिल्या दिवशी थट्टेनं म्हणाले, "म्हशीचं हंबरणं." मिस्तरींनी अगदी गंभीरपणे विचारलं, "कोन्ती म्हैस? व्यालेली का भाकड?" ह्यांना सांगावं लागलं. मग त्यावर दहा मिनिटं बोलणं झालं आणि शेवटी हे कबूल करून बसले की ओली म्हैस रेडकाला बोलावते तेव्हाचं हंबरणं वेगळंच असतं. दवाखान्यात सहा वर्षं नोकरी करून हे त्यांच्या ध्यानात आलं नव्हतं.

मीही संध्याकाळसाठी काहीतरी जमवायला लागले. फोडणीतली मोहरी. पितळी तांब्यात पाणी गळ्यापर्यंत येताना चढत जाणारा आवाज. हे दारात सायकलवरून उतरताना चप्पल घासतात तो. माहेरची आठवण येऊन मी त्या गावात फार रडले असते, पण दिवसभर कान लावून फिरणाऱ्या बाईला रडायला सवड होत नाही. एवढं मी त्यांचं देणं लागते.

आता त्या पेटीचं सांगते.

गावापासून तीनेक कोसांवर एक बंजाऱ्यांचा तांडा होता. तिथून एक तरुण माणूस पेटी घेऊन आला. पेटी त्याच्या बापाची. बाप तांड्यावरचा भजनी, रोज दिवेलागणीला ओट्यावर बसून गायचा. तो वारून वर्ष झालं होतं. वर्षभर पेटी बंद राहिली, उंदरांनी भात्याचं कातडं कुरतडलं. आता वर्ष सरलं म्हणून मुलगा बापाची गादी चालवणार होता.

मिस्तरी पेटी उघडतात म्हटल्यावर मी तिथं असणारच. पेटीच्या पोटात पितळेच्या पट्ट्या ओळीनं बसवलेल्या असतात, प्रत्येकीत एक बारीक जीभ, आणि ती हवेनं थरथरली की सूर निघतो, हे मी तोवर शिकले होते. मिस्तरींनी भात्याला नवं कातडं लावलं. जिभांवरची वर्षाची धूळ कुंचल्यानं काढली. मग एकेक पट्टी दाबून पाहायला लागले आणि पांढऱ्या पाचवर त्यांचा डावा डोळा मिटला. सूर उतरलेला होता. थोडासाच, पण होता. जीभ उजेडात धरून पाहिली तर तिच्या टोकाला खसखशीच्या दाण्याएवढा लाखेचा टिपका, त्याच्या वजनानं जीभ जड झालेली.

"पाहा सूनबाई," ते मला म्हणाले, "कोन्या बह्याडानं लाख सांडवली. अन् पुसाची अक्कल नाही." चाकूच्या टोकानं त्यांनी टिपका खरवडून काढला, जीभ साफ केली, पुन्हा बसवली. पांढरी पाच लख्ख वाजली. मुलगा पेटी घेऊन गेला.

पंधरा दिवसांनी बाजाराच्या दिवशी दुपारी आमच्या दारात गर्दी जमली. मी धावत बाहेर गेले. पन्नाशीची एक बंजारा बाई, आरशांचा घागरा, कोपरापर्यंत बांगड्या, डोक्यावर पेटी. तीन कोस ती तशीच चालत आली होती. मुलगा मागं खाली मान घालून उभा. बाईनं पेटी पडवीत ठेवली आणि सगळ्या बाजारासमोर म्हणाली, "मिस्तरी, माह्या मानसाचा सूर कहाडून घेतला तुमी. परत द्या."

पेटीवाल्यांच्या धंद्यात याच्याएवढी मोठी शिवी नाही. चांगले परदेशी सूर, म्हणजे त्या जिभांच्या पितळी पट्ट्या, काढून घ्यायचे आणि त्या जागी हलके बसवून द्यायचे, असली चोरी करणारे असतात. मिस्तरींचा चेहरा पांढरा पडला. त्यांनी तिथल्या तिथं पेटी उघडली, मुलाला प्रत्येक सूर दाखवला, त्यावरचे जुने खुणेचे आकडे दाखवले. मुलानं मान्य केलं, सगळे तेच आहेत. मिस्तरींनी खालपासून वरपर्यंत पेटी वाजवली. मला तर ती घासलेल्या भांड्यासारखी स्वच्छ वाटली.

"याडी, सांग, कोन्ता सूर गेला?" मिस्तरींनी विचारलं. याडी म्हणजे त्यांच्या बोलीत आई.

"मले काय समजते कोन्ता थे? पोरगं वाजवते, अन् मी रांधता रांधता मनाले जाते तं गळा अडते. वीस साल नाही अडला. हे पेटी त्याईची नाही." एवढं बोलून ती पायरीवर बसली आणि डोळ्याला पदर लावला. "मानूस गेला तं गेला. थ्याचा आवाज तरी घरात ठेवाचा होता."

तिला काय हवं होतं ते सगळ्यांना कळलं. कसं द्यायचं ते कुणालाच कळलं नाही. पेटी मिस्तरींकडे ठेवून मायलेक परत गेले. लाखेचा टिपका तेव्हा मलाही आठवला नाही, आणि हे माझ्या भोचकपणाला मुळीच शोभलं नाही. मिस्तरींना तरी कसा आठवावा? घाण पुसली म्हणजे सूर बदलला, असं त्यांच्या डोक्यात येणंच शक्य नव्हतं.

त्यानंतरचे आठ-दहा दिवस आमच्या अंगणावर सुतक आल्यासारखे गेले. बाजारातल्या भजनी मंडळानं दुरुस्तीला दिलेली पेटी गुपचूप परत नेली. मिस्तरी रोज सकाळी तांड्याची पेटी उघडायचे, लावलेले सूर पुन्हा तपासायचे, पुन्हा बंद करायचे. संध्याकाळी चहा यायचा, पण "आज काय आयकलं" कुणी विचारत नव्हतं. मी दोन दिवस सांगायला म्हणून जमवून ठेवलं, मग सोडून दिलं. एकदा चाचींनी समजूत घातली, की चार लोकांत पेटी तपासून दाखवा, पंच बसवा, तुमची इज्जत तुम्हाला परत मिळेल. मिस्तरी म्हणाले, "इज्जतीचं जाऊ दे. थे बाई झूट नाही बोलत. अन् माहा कान बी झूट नाही बोलत. मंग मधात हाय काय?"

शेवटी त्यांनी ठरवलं की बाईला गाताना ऐकायचं. पण ती परक्या पुरुषासमोर गाणार नाही, ती गाते फक्त चुलीशी. त्याच आठवड्यात ह्यांना तांड्यावर गुरांना लस टोचायला जायचं होतं. मिस्तरी मला म्हणाले, "तुमी चला. तुमी अंदर बसा, मी बाहीर." मला दुसऱ्यांदा विचारावं लागलं नाही.

तांड्यावर पोचलो तेव्हा उन्हं कलली होती. हे गुरांकडे गेले. मिस्तरी आणि मुलगा पेटी घेऊन ओट्यावर बसले, भिंतीच्या पलीकडे. मी आत चुलीपाशी. याडीनं मला बसायला गोधडी दिली, नाव-गाव विचारलं, मूलबाळ विचारलं, आणि भाकरी थापायला घेतली. बाहेर मुलानं बापाचं नेहमीचं भजन सुरू केलं. थोड्या वेळानं ती गुणगुणायला लागली. मी आहे हे तिला आठवत होतं म्हणून आधी ओठातल्या ओठात, मग विसरली तशी मोठ्यानं. तिचा आवाज जाड, उन्हात वाळलेला, पण त्यात काय माया होती! आणि ओळ वर जाऊन एका ठिकाणी यायची तिथं ती थांबायची. दरवेळी तिथंच. माझ्याकडे बघून मान हलवायची. पाहिलंस? अडतो.

मग बाहेरची पेटी एकदम थांबली. मिस्तरींनी मुलाचा हात धरला असणार. याडी तिच्या लयीत होती, तिच्या ते ध्यानात आलं नाही. पेटीशिवाय ती पुढं गात गेली, ती जागा आली, आणि या वेळी न अडता तिनं तो सूर लावला. अगदी सहज. मला संगीतातलं फार कळत नाही, पण एवढे महिने त्या अंगणात काढल्यावर तेवढं मलाही कळलं. तिचा तो एकच सूर खाली होता. थोडासाच. पांढऱ्या पाचपेक्षा खाली.

आणि मग मला टिपका आठवला.

मी बाहेर आले. मिस्तरी भिंतीला पाठ टेकून बसले होते. त्यांनाही आठवला होता, हे त्यांच्या तोंडावरून दिसतच होतं. वीस वर्षं तो माणूस ओट्यावर गात होता आणि आत त्याची बायको भाकरी थापत त्याच्या मागून म्हणत होती. तिचा एक सूर पेटीशी जुळत नव्हता. त्यानं तिला सांगितलं नाही. एक दिवस पेटी उघडली, जिभेला लाखेचा टिपका लावला आणि पेटीच तिच्याजवळ आणून ठेवली. बाईला आजवर याचा पत्ता नव्हता.

मिस्तरींच्या पिशवीत चाकूच्या मुठी बसवायची लाख असे. त्यांनी मुलाकडून निखारा मागवला, तारेचं टोक तापवलं, लाखेला लावलं आणि श्वास रोखून जिभेच्या टोकाला टेकवलं. वाजवून पाहिलं. जास्त उतरला. खरवडून थोडी काढली. पुन्हा वाजवलं. एवढ्याशा कामाला त्यांनी चार वेळा हात लावला. ज्या हातांनी सगळ्या तालुक्याच्या पेट्या शुद्ध केल्या, ते हात आता एक पेटी अशुद्ध करत होते. शेवटी ते मला म्हणाले, "जा अंदर."

मुलानं पुन्हा तेच भजन धरलं. याडी सावधपणे मागून गेली. ती जागा आली. गेली. ती पुढं निघूनही गेली, आणि मग एकदम थांबून पिठाच्या हातानं तिनं माझं मनगट धरलं. "आले," ती म्हणाली, "आले ना थे!" आणि रडता रडता हसायला लागली. मीही रडले. तव्यावरची भाकरी जळाली.

बाहेर तांड्याचा नायक आणि पाच-पंचवीस माणसं जमली होती. मिस्तरी चोर की साव, याचा निकाल ऐकायला आलेली. याडी दारात येऊन सगळ्यांना सांगायला लागली की सूर परत मिळाला. नायकानं विचारलं, "मिस्तरी, म्हंजे सूर तुमच्याजवळच होता?"

त्यांनी तेव्हा खरं सांगितलं असतं तर एका वाक्यात त्यांची अब्रू परत आली असती. पेटी बरोबर होती, बाईचा गळा चुकतो. मी डोळे मोठे करून त्यांच्याकडे बघत राहिले. या माणसानं जन्मात कुणाचा बेसूर पोटात ठेवला नव्हता. बुवाला नाही सोडलं, बँडवाल्याला नाही, मला नाही.

"चूक माही होती," मिस्तरी म्हणाले. "सूर चढून गेलता. माह्या ध्यानात नाही आलं. याडीचा कान माह्यापेक्षा साफ हाय."

चोरी नव्हती, चूक होती, म्हणून नायक खूश झाला. त्यानं चहा दिला. पण ही बातमी पुढं बाजारभर झाली, मिस्तरींना आता ऐकू येत नाही, म्हणून. दोन मंडळांनी पेट्या उमरखेडला द्यायला सुरुवात केली. मिस्तरींनी कुणाला काही सांगितलं नाही आणि मलाही शपथ घातली.

परतीच्या गाडीत हे पुढं गाडीवानाशी गप्पा मारत होते. तांडा दिसेनासा होईपर्यंत मिस्तरी मागं वळून बघत राहिले. मग म्हणाले, "वीस साल आयकलं त्यानं, सूनबाई. रोज. अन् एक डाव बी सांगतलं नाही. मी तं पह्यल्याच दिवशी सांगतलं असतं."

मी म्हटलं, "चाची गात होत्या का कधी?"

मला विचारायचं नव्हतं, तोंडातून गेलं. गाडीचं चाक एका दगडावरून गेलं, आम्ही दोघंही हललो.

"निकाह झाला अन् चौथ्या दिवशी," ते म्हणाले. "पोया लाटत गात होती. मी बोल्लो, तुहा सूर चढते." 

मी चाचींना विचारल्याशिवाय राहणार आहे थोडीच? दुसऱ्या दिवशीच विचारलं. त्या हसल्या. "हो, गात होती ना. मायकात तं लग्नाले बोलवत मले." मग का सोडलं? "अवं, त्याईनं सांगतलं ते खरंच होतं. सुराच्या बाबतीत खोटं थोडीच बोलते ते? मंग मले लाज वाटे. त्याईचा कान दुखवाचा कायले?" त्यांच्या बोलण्यात राग नव्हता, म्हणूनच मला तो मिस्तरींचा आला. दोन दिवस मी त्यांच्याशी नीट बोलले नाही. त्यांनी कारण विचारलं नाही.

चाचींशी त्यांचं यावर काही बोलणं झालं की नाही, मला माहीत नाही. मी कान देऊन होते, पण माझ्या कानावर तरी आलं नाही. मला एवढंच दिसलं की पोळ्या लाटायच्या वेळेला ते पडवीतलं काम थांबवून उगाच बसून राहत. चाची विचारत, काय पाहिजे? ते म्हणत, काही नाही.

असं दीड वर्ष गेलं. माझी थोरली मुलगी तोवर झाली होती. एका दुपारी ती किरकिर करत होती आणि माझे हात वड्यांच्या पिठात होते. चाचींनी तिला मांडीवर घेतलं आणि अंगणात पाय पसरून बसल्या. मिस्तरी पडवीत कुठल्याशा कुलपाला कानस लावत होते. पोरीला थोपटता थोपटता चाची कधी म्हणायला लागल्या ते त्यांनाही कळलं नसावं. दोन ओळींचंच, त्यांच्या माहेरचं, लेकराला झोपवायचं. दुसऱ्या ओळीत वर जाताना सूर चढा लागला. मलासुद्धा कळला.

कानस थांबली. चाची तिथंच गप्प झाल्या आणि पोरीला नुसतं थोपटायला लागल्या.

"म्हन ना पुढं," मिस्तरी म्हणाले.

"काहून? चुकलं काय?"

मिस्तरींनी कुलूप खाली ठेवलं. मी पिठाचे हात तसेच धरून त्यांच्या डाव्या डोळ्याकडे बघत होते. दोन्ही डोळे उघडे होते, आणि भरले होते.

"नाही," ते म्हणाले. "बराबर हाय. म्हन."

चाचींनी त्यांच्याकडे जरा रोखून पाहिलं. मग पोरीला छातीशी घेऊन पहिल्या ओळीपासून पुन्हा सुरुवात केली, या वेळी थोडं मोठ्यानं.